सिपोराबाईची साक्ष

"एक बुडी. फक्त एकच," हयीमकाका आमच्या ओटीवरच्या बाकावर बसून म्हणाले. "समुद्र दाराशी आहे. तीन माणसं वाळूवर पाठ फिरवून उभी राहतील. तू पाण्यात जायचं, डोकं बुडवायचं, वर यायचं. मी कागद करून देतो. मग खुशाल मशिदीत लग्न लाव. मांडवाचे बांबूसुद्धा मी माझ्या वाडीतून पाठवतो."

बांबू पाठवणारा माणूस वाईट कसा म्हणावा? मी मान डोलावली. आई दारात उभी होती. तिने मान डोलावली नाही आणि चहाचंही विचारलं नाही. आमच्या घरी आलेल्या माणसाला चहा न विचारण्याची ती पहिलीच वेळ.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो. नवख्याचा त्याने गोंधळ होतो, आमचा आजवर झालेला नाही. अलिबागेच्या दक्षिणेला मांडवशेत नावाचं आमचं गाव, तिथे आमची तेवीस घरं आणि एक मशीद. हयीमकाका त्या मशिदीचे मुकादम, म्हणजे तिथला शेवटचा शब्द त्यांचा. सन होतं एकोणीसशे त्रेसष्ट, महिना जानेवारी. मी चोवीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण. मुंबईत कारकुनी करणाऱ्या एलिझरशी माझं लग्न ठरलं होतं, आणि ते महिन्याभरावर आलेलं असताना मुकादमांना शंका आली होती की मी इस्राएल आहे का.

शंका माझ्या आईमुळे. आमच्या धर्माचा कायदा असा, की आई इस्राएल तर मूल इस्राएल. बाप कितीही थोर असला तरी त्याचं तिथे काही चालत नाही. माझी आई जन्माने कोळी. बाबा तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मासळीच्या टोपल्या वाहून मान धरली म्हणून ही औषध घ्यायला गेली, आणि औषध संपलं तरी जातच राहिली. चौतीस साली तिने धर्म घेतला आणि बाबांनी तिचं नाव सिपोरा ठेवलं. सिपोरा म्हणजे आमच्या मोशे पैगंबरांची बायको. तीही परक्याच घरची. बाबांनी ते नाव मुद्दाम निवडलं होतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, नाहीतर मुकादम आमच्या ओटीवर चढले नसते.

"तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही, सिपोराबाई," हयीमकाका उठता उठता म्हणाले. "पण चौतीस साली मी कराचीत होतो. तुमचं धर्म घेणं मी पाहिलेलं नाही. कागद तुमच्याकडे नाही. आणि दिवस कसे आलेत ते बघताय ना? इस्राएलला गेलेल्या आपल्या लोकांना तिकडे लग्नाच्या वेळी विचारतात, तुमच्या आज्या-पणज्या कोण होत्या? उद्या दीना तिकडे गेली आणि तिला विचारलं, तर एका घरापायी सगळी जमात संशयात जाईल."

"झालं तुमचं?" आई म्हणाली.

"झालं."

"मग उतरा. पायरी मोडकी हाय, सांभाळून."

ते गेल्यावर मी आईला समजवायला बसले. मास्तरणीला समजावण्याची भारी हौस असते. म्हटलं, "आई, बुडीच तर मारायची आहे. लहानपणापासून त्याच पाण्यात डुंबतेय मी. आणखी एकदा डुंबले तर काय झिजणार आहे?"

आई बोंबील साफ करत होती. ती थांबली नाही. "तुझं काय झिजणार नाय गो. तू बुडी मारशील, वर येशील, इस्राएल होशील. म्हणजे त्याआधी तू नव्हतीस. तू नव्हतीस, कारण मी नव्हते. बरोबर?"

"कायद्याने बघितलं तर..."

"कायद्यानंच बघ. मी नव्हते, तर तीस वर्षं मी तुझ्या बापाच्या घरात कोण होते? ठेवलेली बाई?"

मी पुढचा बोंबील उचलून तिच्यापुढे केला.

"आणि दुसरं," आई म्हणाली. आता मात्र तिने विळी बाजूला सारली. "कबरस्तानात तुझ्या बापाच्या डाव्या हाताला एक जागा सोडून ठेवलीय. त्यांनीच सोडायला लावली, मरायच्या आदल्या आठवड्यात. तिथं फक्त इस्राएल पुरतात. तू बुडी मारलीस की ती जागा माझी राहत नाय. मग मला कुठं टाकणार? कोळीवाड्यात माझ्या भावांनी तीस वर्षांपूर्वी माझ्या नावानं आंघोळ केलीय. ते मला घेणार नायत, आणि मुकादम मला घेणार नाय."

बोलताना तिचा आवाज चढला नाही. इतके दिवस मी फक्त माझं लग्न बघत होते. मुकादमांची ती साधी बुडी आईला बाबांच्या शेजारून उठवून लावणार होती, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी तिथेच ठरवलं, ही बुडी मारायची नाही. लग्न मोडलं तर मोडलं.

रविवारी एलिझर आला तेव्हा त्याला तसंच सांगितलं. एलिझर हळू बोलणारा, हळू चालणारा माणूस. लग्नानंतरही मी त्याला कधी धावताना बघितलं नाही.

"माझी आई म्हणते, बुडी मारून टाकावी," तो म्हणाला. "मशिदीबाहेर लागलेलं लग्न ती लग्न मानणार नाही."

"आणि तू काय म्हणतोस?"

त्याने चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाला, "तुझ्या आईच्या हातचं जेवून मी सहा वेळा बोटं चाटली आहेत. त्या बाईला आता तू कोण म्हणून मी कुठल्या तोंडाने विचारू? मी मुंबईला जाऊन शालोम हजानना विचारतो. त्यांच्याइतकं शास्त्र मुकादमांना येत नाही, आणि हे मुकादमांनाही माहीत आहे."

हजान म्हणजे आमच्याकडे प्रार्थना चालवणारा. शालोम हजानांचं नाव तर कोकणातल्या आमच्या प्रत्येक घरात माहीत होतं. एलिझर त्यांना भेटला, आणि निवाडा करायला येऊ का असं हजानांनी मुकादमांना पत्राने विचारलं. मुकादमांनी उलट टपाली होकार दिला. त्यांना स्वतःच्या बाजूची खात्री होती. हजान सांगतील ते मला मान्य, असं त्यांनी लिहून दिलं, आणि आम्हीही तसं लिहून दिलं. आता मागे फिरायची वाट दोघांनाही उरली नव्हती.

पुढच्या रविवारी शालोम हजान लाँचने रेवसला उतरले. समुद्र लागून माणूस हिरवागार झाला होता. इतक्या विद्वान माणसाला भरल्या धक्क्यावर ओकताना पाहून माझा निम्मा धीर तिथेच सुटला. आमच्या घरी येऊन त्यांनी आईच्या हातची सोलकढी दोन वाट्या प्यायली, जरा रंगावर आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं खाल्लं म्हणून तुमच्या बाजूने बोलेन असं समजू नका."

"मी कधी म्हटलं?" आई म्हणाली. "भात पण घ्या."

दुपारी मशीद भरली. खाली पुरुष, वर लाकडी माडीवर आम्ही बायका. एरवी माडीवर मुलांचे शेंबूड आणि भाजीचे भाव चालतात, त्या दिवशी टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आई कठड्याला धरून पुढे बसली होती, डोक्यावर पदर, पाठ ताठ. तिच्या शेजारी मी. मुकादमांची बायको मिलकाकाकू दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून. गोरीपान, गंभीर, कराचीत वाढलेली, फारसं कोणात न मिसळणारी बाई. मला वाटलं, नवऱ्याचा विजय बघायला आली आहे.

हयीमकाका वहीत टिपणं काढून आले होते. त्यांनी सुरुवातच एज्रा नावाच्या आमच्या जुन्या शास्त्र्यापासून केली. बाबिलोनहून परतल्यावर आपल्या लोकांनी परजातीच्या बायका केल्या होत्या. एज्राने सगळ्यांना पावसात चौकात उभं केलं आणि त्या बायका मुलांसकट परत पाठवायला लावल्या. मग शलमोन राजा. एवढा शहाणा, पण परदेशी राण्यांच्या नादाने म्हातारपणी मूर्तींसमोर उदबत्त्या लावत बसला. "शलमोनाची ही गत," हयीमकाका म्हणाले, "तर आपण कोण? आपल्याकडे गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद आपल्या वाडवडिलांनी उगाच नाही पाळला. आई परकी असली की त्या घराला काळे म्हणायचे. ते शब्द मला आवडत नाहीत, पण त्यामागची काळजी खरी आहे."

मला राहवलं नाही. माडीवरून बायकांनी बोलायची रीत नव्हती, पण मी मास्तरीण, गप्प बसवण्याची सवय, बसण्याची नाही. मी कठड्यावरून वाकून विचारलं, "मग मोशे पैगंबरांची बायको कोण होती, काका? मिद्यानी. आणि योसेफाची? मिसरातल्या पुजाऱ्याची मुलगी! त्या पुजाऱ्याच्या नातवांचं नाव घेऊन तुम्ही दर शुक्रवारी मुलांना आशीर्वाद देता, एफ्राईम आणि मनश्शेसारखे व्हा म्हणून. ते चालतं?"

खाली खसखस पिकली. मी जिंकले असं मला वाटलं. सुमारे पाच सेकंद वाटलं.

"ते सगळं सिनाय पर्वताच्या आधीचं आहे, बाळ," हयीमकाका शांतपणे म्हणाले. "तिथे आपल्याला तोरा मिळाली, आपला धर्मग्रंथ. त्याआधी कायदाच नव्हता, तर मोडणार काय?"

मी हजानांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, पण मुकादमांच्या बाजूने. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मोशेचं आणि योसेफाचं लग्न या कामात दाखला म्हणून चालणार नाही. चांगला प्रश्न होता मुली, पण बस खाली."

मी बसले. माझं तोंड एवढंसं झालं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मात्र रूथ सिनायनंतरची आहे," हजान पुढे म्हणाले. "ती मवाबी, शेजारच्या परक्या मुलखातली. मवाबी माणसाला आपल्यात घ्यायचं नाही असं तोरेत स्वच्छ लिहिलेलं, कारण आपले लोक वाळवंटातून येत असताना त्यांनी भाकरी-पाणी दिलं नाही. तरी रूथला घेतलं. का घेतलं? आपले जुने धर्मगुरू, रब्बी, म्हणाले, परक्या वाटसरूंना भाकरी-पाणी घेऊन वेशीबाहेर सामोरं जाणं पुरुषांचं काम होतं, बायकांचं नव्हे. तेव्हा दोष पुरुषांचा, बायकांना दार उघडं. त्या रूथचा पणतू दावीद राजा. हयीमजी, दावीद राजाला तुम्ही काळा इस्राएल म्हणाल?"

पुन्हा लोक हसले. पण हयीमकाका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी वहीचं पान उलटलं.

"रूथला मी डोक्यावर घेतो, हजानसाहेब. परकी बाई आपल्यात येऊच शकत नाही असं मी कधी म्हटलं? येऊ शकते, पण रीतीने. बवाझने रूथशी लग्न करताना वेशीत दहा वडील बसवले होते. दहा! मी तर तीनच मागतोय. सिपोराबाईंनी पाण्यात बुडी घेऊन धर्म घेतला तेव्हा जे तीन साक्षी होते, त्यांतला एक आणा. एकच आणा. मी आत्ता वही मिटतो."

मशिदीत कुजबुज झाली. जिकडे तिकडे माना डोलत होत्या. खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता.

हजानांनी वर पाहिलं. "बाई, साक्षी कोण होते?"

आई उभी राहिली. "तिघं होते. गावचे थोरले हजान, आबाजी तेली आणि दानीएल मास्तर."

"आज त्यांतलं कोण आहे?"

"तिघंबी वारले. तिघांच्या सुतकात घरच्यांना भाकऱ्या मी पुरवल्या."

"कागद?"

"नव्हता केला. मला वाचता येत नव्हतं आणि त्यांना वाटलं, गाव बघतंय."

"गाव बघत होतं," हयीमकाका म्हणाले, "पण त्यातले निम्मे वर गेले आणि निम्मे इस्राएलला. ऐकीव गोष्ट म्हणजे साक्ष नव्हे. माझा नाइलाज आहे."

शालोम हजानांनी दाढीत बोटं घातली आणि तशीच ठेवली. मला कळलं, हा माणूस आता आमच्या विरुद्ध बोलणार, आणि त्याला ते आवडत नाहीये. खाली एलिझर भिंतीला टेकून उभा होता, तोंड राखेसारखं. आई अजून उभीच होती.

"एक गोष्ट विचारायची राहिली," हजान म्हणाले. आवाज एकदम खाली आला. "अवघड आहे, पण विचारतो. बाई, लग्नानंतर संसारात असताना बायकांचे जे नेम असतात, महिन्याचे, समुद्राचे... ते तुम्ही पाळलेत?"

आईने पदर तोंडापर्यंत ओढला. भर मशिदीत इतक्या पुरुषांसमोर असल्या प्रश्नाचं उत्तर कोणती बाई देईल?

"पाळलेत म्हणाल्या, तरी त्यालाही साक्ष लागेलच," हयीमकाका म्हणाले.

"साक्ष मी देते."

कोणाचा आवाज ते आधी कळलंच नाही. मग माडीच्या टोकाला मिलकाकाकू उठताना दिसल्या. पंधरा वर्षांत त्यांचा आवाज मशिदीत कोणी ऐकला नव्हता, त्यांच्या नवऱ्याने तर नक्कीच नाही.

"मिलका?" हयीमकाका म्हणाले. "खाली बस."

"बसते, पण बोलून. तुम्हाला साक्ष हवी होती ना?" त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "अठ्ठेचाळीस साली आपण कराचीहून इथे आलो. तिकडे मशिदीत तेबिलाचं कुंड होतं; इथे समुद्र. मला पाण्याची भीती. पहिल्या महिन्यात मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून रडत होते. तेव्हा एका बाईने माझा हात धरला. म्हणाली, घाबरू नको, आधी मी बुडून दाखवते. ती बुडाली, पूर्ण, केसासकट. मी पाहिलं. मग मला बुडवलं आणि ओरडली, कोशेर! त्यानंतर दर महिन्याला तीच. ती सिपोराबाई."

इथे मला थांबून सांगायला हवं. तेबिला म्हणजे शुद्धीची बुडी. आमच्यात लग्न झालेली बाई दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, सांज उलटून तारे दिसले की वाहत्या पाण्यात किंवा समुद्रात ती घेते. ती घेतल्याशिवाय नवऱ्याजवळ जायचं नाही. बुडी एकटीने घ्यायची नाही. दुसरी बाई शेजारी उभी राहून बघते, एक केससुद्धा पाण्यावर राहिला नाही ना, आणि मग मोठ्याने सांगते, कोशेर, म्हणजे शुद्ध. ही गोष्ट इतकी लाजेची, की लग्न न झालेल्या मुलींना तिचा वाराही लागू द्यायचा नाही, आणि पुरुषांनी तर बायको कुठे चालली, कोणाबरोबर चालली, असं चुकूनही विचारायचं नाही. मला त्या दिवसापर्यंत काहीच माहीत नव्हतं. मुकादमांना बुडी माहीत होती. शेजारी कोण उभं असतं ते माहीत नव्हतं.

शालोम हजानांची बोटं दाढीतून बाहेर आली. "हयीमजी, बायकोच्या बुडीशेजारी जी उभी राहते, ती कोण असावी लागते? तुम्ही शास्त्र वाचलं आहे, सांगा."

हयीमकाका वहीची पानं उलटू लागले.

"इस्राएल बाई असावी लागते," हजानच म्हणाले. "आता बघा कसं आहे. सिपोराबाई इस्राएल असतील, तर तुमच्या घरातल्या पंधरा वर्षांच्या बुड्या कोशेर. त्या इस्राएल नसतील, तर त्यांच्या 'कोशेर' म्हणण्याला काडीची किंमत नाही. मग पंधरा वर्षं तुम्ही, मुकादम असून... आता मी मशिदीत उभा आहे, पुढचं बोलत नाही."

"आमचीबी तीच," माडीवरून आणखी एक बाई उठली. "माझ्या लग्नापासून."

"माझी पण."

"माझी आणि माझ्या दोन्ही सुनांची. आणि तिची स्वतःची बुडी तर मी दीना पोटात यायच्या आधीपासून बघतेय."

एकेक करत माडी उभी राहिली. खाली पुरुषांची जी काय गंमत झाली, ती मला मरेपर्यंत पुरेल. ज्याची बायको उभी राही, तो वर बघे, मग झटकन स्वतःच्या पायांकडे बघे. अख्ख्या मशिदीत नजर वर असलेला पुरुष एकच, माझा एलिझर, कारण त्याचं अजून लग्न व्हायचं होतं.

"ऐका," हजान म्हणाले. समुद्र लागलेला तो हिरवा माणूस आता दुप्पट उंच वाटत होता. "हा प्रश्न मांडवशेतला पहिल्यांदा पडलेला नाही. दीड हजार वर्षांहून जास्त झाली असतील. एका माणसाला लोक परकीचा पोर म्हणून हिणवत होते. रब्बींकडे गेले. रब्बींनी एकच विचारलं, त्याची आई इस्राएलाची बायको म्हणून महिन्याच्या महिन्याला बुडी घेत होती ना? मग आणखी कुठली बुडी हवी? हयीमजी, तुम्ही एका बुडीचे साक्षी मागत होता. या बाईच्या शेकडो बुड्या झाल्यात आणि साक्षीला ही सगळी माडी उभी आहे. दीना जन्मापासून इस्राएल. तिला समुद्रात उभं करायचा अधिकार कोणाला नाही."

मग ते म्हणाले, "आणि आणखी एक कायदा आहे, तो कोणाला आठवला नाही. एकदा आत आलेल्याला तू कुठून आलास असं टोचून विचारणं, हा गुन्हा आहे. तिकडे आपल्या लोकांना आज्या-पणज्या विचारतात म्हणून आपण बोंब मारतो, आणि इथे त्याच तोंडाने या बाईला तेच विचारतो!"

हयीमकाका जागचे हलले नाहीत. मला वाटलं, हा माणूस आता वही फेकून निघून जाणार. पण सांगून ठेवते, ते कोत्या मनाचे नव्हते, घाबरलेले होते. कराचीत त्यांचं घर गेलं होतं, मशीद सुटली होती. हातात उरलेली ही एकच गोष्ट निसटू नये म्हणून ते मुठी आवळून बसले होते, आणि त्या मुठीत माझी आई चिरडतेय हे त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी वही मिटली. भरल्या मशिदीतून चालत माडीच्या जिन्यापाशी आले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. प्रार्थना संपली की आम्ही एकमेकांचे हात असे हातात घेतो आणि मग आपली बोटं ओठांना लावतो. बरोबरीच्या माणसांची ती रीत आहे.

आई जिना उतरली. चार पायऱ्या वरच थांबली.

"चुकलं माझं, सिपोराबाई," ते म्हणाले.

"माझं सोडा," आई म्हणाली. "मिलकाबाय घरात घेते का ते आधी विचारा."

एवढ्या मोठ्याने मशीद पुन्हा कधी हसली नसेल. हयीमकाकाही हसले, डोळे पुसत हसले. मग आईने उरलेल्या पायऱ्या उतरून त्यांचे हात हातात घेतले.

आई पुढे एकवीस वर्षं जगली आणि आज बाबांच्या डाव्या हाताला आहे. खांदा द्यायला हयीमकाकांचे तिन्ही मुलगे होते. माझं लग्न मशिदीतच लागलं, बांबू मुकादमांच्याच वाडीचे. पण लग्नापेक्षा मला लख्ख आठवतो तो त्याआधीचा बुधवार.

नवरी मुलीने लग्नाआधी पहिली तेबिला घ्यायची असते. धर्म घ्यायला नव्हे; संसाराला लागायला, प्रत्येक नवरीने, तशी मीही. सूर्य बुडाला, तारे दिसले, तेव्हा गावच्या बायका मला घेऊन समुद्रावर निघाल्या. आता मी त्यांच्यातली होणार होते, त्यामुळे वाटेभर त्यांनी मला अशा अशा गोष्टी सांगितल्या, की काळोख होता म्हणून बरं. किनाऱ्यावर एकही पुरुष नव्हता. पाठ फिरवून उभा राहिलेलासुद्धा नाही.

पाणी थंडगार होतं. आई माझ्याबरोबर छातीइतक्या पाण्यात आली. दुसऱ्या बाजूला मिलकाकाकू, अजून पाण्याला घाबरणाऱ्या, माझा दंड घट्ट धरून.

"श्वास घे," आई म्हणाली. "बूड."

मी बुडाले. वर आले तर आई मान हलवत होती. "बट तरंगत होती. परत."

मी परत बुडाले.

"टाच वर आली. परत!"

"आई, गोठले मी!"

"साक्षीचं काम हाय माझं. तोंड मिट आणि बूड."

तिसऱ्यांदा मी खाली गेले ती पार वाळूला गुडघे टेकेपर्यंत. कानात पाणी, डोळ्यांपुढे अंधार, केस सगळे ओढून धरलेले. वर येताना पाण्यातूनच मला आईचा आवाज ऐकू आला. ती लाटांवर, किनाऱ्यावर, मागच्या माडांवर, अख्ख्या मांडवशेतला ऐकू जाईल अशी छाती भरून ओरडत होती.

"कोशेर! माझी मुलगी कोशेर!"